येळवशीला पोरांना रानात आणताय ना?

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आपल्या बिदरकडच्या हळ्ळीखेड (बी) मध्ये दुपारी घरात कुणी सापडायचं नाही. येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. सगळं गाव रानात. पुण्याहून, हैदराबादहून, उदगीर-निलंग्याहून भावकी आलेली. दिवाळीत निम्मी माणसं सासर-माहेरात वाटली जातात. सगळं गोत एका पंगतीला बसतं ते याच दिवशी.

आपलं गोत विखुरलंय तेही कसं! १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं आणि जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत गेला. हुमनाबाद-भालकी म्हैसूरकडे, उदगीर-निलंगा तेव्हाच्या मुंबई राज्याकडे, जहिराबाद-नारायणखेड आंध्राकडे. म्हणून आज रानात कडब्याच्या एका कोपीत चार चुलत भावंडं बसली की एक कन्नड शाळेतलं, एक मराठी, एक तेलुगूवालं आणि चौथं पुण्याचं, इंग्रजीशिवाय तोंड न उघडणारं.

आईबाबांनो, या चौघांना एकत्र आणून आपण करतो काय? "ही आत्या, हे मोठे अप्पा, पाया पड." मग कुणीतरी विचारणार, किती टक्के पडले? पोरगं वाकून वाकून कंटाळतं आणि मोबाइल घेऊन गाडीत जाऊन बसतं. संध्याकाळी आपणच म्हणतो, हल्लीच्या मुलांना नात्यांची ओढ नाही.

त्यांना काम द्या. आदल्या रात्री भज्जीसाठी तूर, पावटा, वाटाणा, हरभरा सोलायचा असतो, तिथं आजीजवळ बसवा. शेंगा सोलताना भाषा अडत नाही, आणि आजी तेव्हाच खरं बोलते. रानात कडब्याची कोप उभी करताना पेंढ्या त्यांनी द्याव्यात, पूजेला मांडलेल्या पाच पांडवांच्या दगडांना चुना त्यांनी लावावा. वाकडा लागला तरी पांडव रागावत नाहीत. आंबील वाढायचं काम मोठ्या मुलीपेक्षा मोठ्या मुलाला द्या. आपल्याकडे बायका रांधतात आणि पुरुष झाडाखाली आडवे होतात, हे पोरं बघत असतात. अंधार पडल्यावर पेटता कडबा घेऊन फिरताना मात्र शेजारी मोठं माणूस हवंच.

शाळेचं म्हणाल, तर लातूरकडे या दिवशी स्थानिक सुट्टी मिळते, पुण्यात नाही. एक दिवस बुडू द्या. त्या दिवशी पोरगं तूर झाडावरची बघतं.

आता एक कडू बोलतो. सगळे जमलेत म्हणून याच दिवशी बांधाचा वाद निघतो. बहिणी आल्यात म्हणून हक्कसोडीचा कागदही निघतो. जेवण झाल्याबरोबर आत्यापुढे पेन धरलं जातं, आणि दहा वर्षांचं पोरगं आंबिलीचा पेला हातात घेऊन तिचं तोंड बघत राहतं. मघाशी "ही तुझी आत्या" म्हणून सांगितलेली तीच ही. २००५ च्या कायद्यानं लेकीला वडिलोपार्जित जमिनीत लेकाइतका वाटा दिलाय. तो सोडायचा की घ्यायचा, हे तिनं तिच्या घरी, तिच्या सवडीनं ठरवावं. वाटण्या जरूर करा, त्यात वाईट काही नाही. वाटणीनंतरही भाऊभाऊ एकच कोप घालतात, अशी घरं आपल्या भागात आहेत.

तेव्हा यंदा येताना पोरांना आणा, भाकरी आणा, आणि कागद घरी ठेवून या.