टर्कीसोबतचा क्रॅनबेरी सॉस

प्रश्न: थँक्सगिव्हिंगच्या टर्कीबरोबरचा क्रॅनबेरी सॉस डब्यातला आणावा की घरी करावा?

उत्तर: घरीच करा. भाजलेल्या टर्कीचं मांस चवीला सौम्य, छातीकडचं तर कोरडंच. त्याला आंबटपणाची जोड हवी, आणि डब्यातला सॉस बहुधा गोडाकडे झुकतो. घरी साखरेचं प्रमाण आपल्या हातात राहतं. ३४० ग्रॅम फळांना एक कप पाणी आणि पाऊण कप साखर पुरते. उकळीला फळं टपटप फुटू लागतात. दहाएक मिनिटांत गॅस बंद करा. सॉस पातळ दिसला तरी आटवत बसू नका, फळातल्या पेक्टिनमुळे तो गार होताना आपोआप आळतो. त्या दिवशी ओव्हन टर्कीनेच अडवलेला असतो, मग हा व्याप कशाला, असं म्हणाल. पण याला ओव्हन लागतच नाही, आणि दोन दिवस आधी करून फ्रिजमध्ये ठेवला तर तो छान मुरतो.