काचेच्या पेटीतले बाळ आणि आईवडिलांची प्रार्थना



आपल्या प्रार्थना-पेटीत अधूनमधून एक चिठ्ठी येते. तिच्यावर बाळाचे नाव नसते. 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचे नाव, हॉस्पिटलात मनगटाला बांधलेल्या पट्टीवर असते तसे. नाव ठेवायलाही वेळ मिळालेला नसतो. बाळ काचेच्या पेटीत, नाकातोंडात नळ्या, आणि आईवडील अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेरच्या बाकावर. आजचा हा पाठ त्या बाकावर बसलेल्यांसाठी आहे, आणि त्यांना भेटायला जाणाऱ्या आपल्यासाठीही.

त्या बाकावर पहिला प्रश्न येतो तो हाच: आमचे काय चुकले? ग्रहणात भाजी चिरली, नवस फेडायचा राहिला, कुणाची दृष्ट लागली. घरातली वडीलधारी माणसेच असे काहीबाही बोलतात आणि ओल्या बाळंतिणीच्या मनात ते कायमचे रुतून बसते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बोट दाखवून हेच विचारले होते: पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? येशूने दोघांचेही नाही असे स्पष्ट सांगितले. आपल्या प्रभूने जो हिशेब मांडला नाही तो आपण बाळंतिणीसमोर मांडू नये.

बाळ येशूच्या संत तेरेजेला आपण सारे ओळखतो. तिच्या आईवडिलांची ओळख मात्र कमी आहे. फ्रान्समधील आलांसों ह्या गावचे लुई आणि झेली मार्टिन. तो घड्याळजी, ती लेस विणण्याचा धंदा चालवणारी. १८५८ साली त्यांचे लग्न झाले आणि त्यांना नऊ मुले झाली. त्यांपैकी चार १८६७ ते १८७० ह्या काळात गेली: दोन मुलगे तान्हे असताना, एलेन पाच वर्षांची होऊन, आणि मेलानी-तेरेज जेमतेम दोन महिन्यांची. मुलगा व्हावा, तो धर्मगुरू व्हावा, म्हणून झेलीने संत जोसेफची आळवणी केली होती. मुलगे झाले, दोघांचीही नावे जोसेफच ठेवली, आणि दोघांनाही मातीत ठेवावे लागले. लोक तिला म्हणत, ही मुले झालीच नसती तर बरे झाले असते. हे बोलणे तिला सहन होत नसे, असे तिने आपल्या भावजयीला कळवले आहे. तिची मुले तिच्यासाठी हरवलेली नव्हती.

मग २ जानेवारी १८७३ रोजी तेरेजा जन्मली. दोन महिन्यांतच ती इतकी खंगली की डॉक्टरांनी सांगितले, हिला ताबडतोब दाईचे दूध मिळाले पाहिजे. लुई त्या वेळी घरी नव्हता. झेली पहाटे उठून शेजारच्या सेमाले गावी चालत गेली आणि रोझ नावाच्या दाईला घेऊन आली. बाळाला पाहताच रोझने मान हलवली. झेली वर आपल्या खोलीत धावली, संत जोसेफच्या पुतळ्यापाशी गुडघे टेकले आणि दोनच गोष्टी बोलली: बाळ बरे होऊ दे, आणि देवाला दुसरे काही हवे असेल तर ते मला स्वीकारू दे. एरवी ती फारशी रडणारी नव्हती, पण त्या दिवशी तिला अश्रू आवरले नाहीत. ती खाली आली तेव्हा बाळ दूध पीत होते. थोड्या वेळाने ते पुन्हा मेल्यासारखे पडले. सगळ्यांनी आशा सोडली. आणि मग बाळाने डोळे उघडले.

ह्या प्रसंगात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे की तिने आधी डॉक्टरांचे ऐकले, पहाटे रस्ता तुडवला, आणि मग गुडघे टेकले. 'आता औषध नको, फक्त प्रार्थना' असे सांगणारे लोक आपल्या आसपास आहेत. त्यांच्यापासून सावध राहावे. दुसरी गोष्ट अधिक जड आहे. तीच आई, तोच संत जोसेफ, तेच अश्रू. चार वेळा कबर मिळाली, एकदा बाळ मिळाले. श्रद्धा तेवढीच होती. म्हणून ज्यांचे बाळ गेले त्यांची प्रार्थना कमी पडली असे कोणी कृपया म्हणू नये. ह्या पतिपत्नीला १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी एकत्र संतपद दिले. त्यासाठी ख्रिस्तसभेने मान्य केलेले दोन्ही चमत्कार नवजात बाळांचेच आहेत: एक इटलीतला मुलगा, जन्मतःच फुफ्फुसे निकामी, आणि एक स्पेनमधली अपुऱ्या दिवसांची मुलगी.

भेटायला जाणाऱ्यांना एकच विनंती. उपदेश करू नका. 'देवाला आवडले म्हणून' हे वाक्य तर नकोच. डबा न्या, रात्री बाकावर बसा म्हणजे बाप दोन तास झोपेल, घरच्या मोठ्या मुलाला शाळेत सोडा. आईला रोझरीचे एक दशकही जमत नसेल तर तिच्या वतीने आपण म्हणू. चौघांनी खाट उचलून आणली तेव्हा पक्षाघाती माणूस स्वतः काही बोलल्याचे मार्कने लिहिलेले नाही.

आता बाप्तिस्म्याविषयी. बाळाच्या जिवाला धोका असेल तर वाट पाहू नये. दिवसा-रात्री केव्हाही फादरांना फोन करा. फादर येऊन बाप्तिस्मा आणि दृढीकरण दोन्ही देऊ शकतात. (रुग्णाभ्यंग संस्कार समजत्या वयापासून पुढे असतो, म्हणून तो तान्ह्या बाळाला देत नाहीत. तो नाकारला असा गैरसमज करून घेऊ नये.) तेवढाही वेळ नसेल तर बाप, आजी, नर्स, कोणीही बाप्तिस्मा देऊ शकते; नर्स ख्रिस्ती नसली तरी चालते, ख्रिस्तसभा जे करते ते करण्याचा तिचा हेतू हवा. नर्सकडून स्वच्छ पाणी घ्यावे, बाळाच्या डोक्यावर थोडेसे ओघळेल असे घालावे आणि नाव घेऊन म्हणावे: मी तुला पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो, किंवा देते. 'आम्ही' म्हणू नये. तसा बाप्तिस्मा ग्राह्य नाही असे व्हॅटिकनने २०२० साली स्पष्ट केले आहे.

आणि तेही जमले नाही तर? लिंबोच्या भीतीने रात्र रात्र जागणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. लिंबो ही ख्रिस्तसभेची श्रद्धाशिकवण कधीच नव्हती. कॅथोलिक धर्मशिक्षण अशा बाळांना देवाच्या दयेच्या स्वाधीन करते, आणि व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने २००७ साली त्यांच्या तारणाची आशा बाळगायला भक्कम कारणे असल्याचे सांगितले. आईवडिलांचा बाप्तिस्मा देण्याचा इरादा होता अशा बाळाचा अंत्यविधी बिशपांच्या परवानगीने चर्चमध्ये करता येतो.

बाकावर बसून म्हणता येईल अशी एक छोटी प्रार्थना देत आहे. कापून पाकिटात ठेवावी.

हे परमपित्या, आमचे बाळ तुझ्यासमोर आहे. आम्हाला त्याला उचलता येत नाही, फक्त एक बोट आत घालता येते. ते बोट त्याने धरले आहे, तसे तू आम्हाला धरून ठेव. त्याला बरे कर. आम्हाला त्याला घरी न्यायचे आहे. डॉक्टरांच्या आणि नर्सच्या हातांना यश दे. तुझी इच्छा आम्हाला कळत नाही, आणि ती स्वीकारण्याचे बळ आज आमच्यात नाही. ते तूच दे. मरिये माते, तू क्रुसाखाली उभी होतीस, आज ह्या दाराशी आमच्याबरोबर उभी राहा. आमेन.

हॉस्पिटलात बाप्तिस्मा झाला असल्यास तारीख, बाळाचे नाव आणि बाप्तिस्मा कोणी दिला हे धर्मग्रामाच्या कार्यालयात कळवावे, म्हणजे नोंद होईल. बाळ बरे होऊन घरी आले की त्याला चर्चमध्ये घेऊन या. पाणी पुन्हा घालायचे नसते. पांढरे वस्त्र आणि मेणबत्ती तेवढी राहिलेली असते.