पावसाची माफी मागू नकोस

लोणावळ्यात पाऊस पडतो, यात तुझी काही चूक नाही. धुकं उतरलं आणि टायगर पॉइंटवरून दरी दिसली नाही, यातही नाही. रविवारी भुशी डॅमच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागली, पवनानगरकडची लाइट गेली, मोबाइलला रेंज मिळेना, यातलं एकही तू केलेलं नाहीस. तरी परवा मी तुझ्या होमस्टेच्या पडवीत बसले होते, तेव्हा यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी तू पाहुण्यांना सॉरी म्हणत होतीस. चहा ठेवताना सॉरी, रिकामा कप उचलतानाही सॉरी. एका पाहुण्याने तर तुझ्याकडे न बघताच ‘इट्स ओके’ म्हटलं. तू काही केलं असतंस आणि त्याने मोठ्या मनाने सोडून दिलं असतं, तर जसं म्हणाला असता, अगदी तसंच. मला ते फार लागलं. चारचौघांत बोलायचा विषय नव्हता म्हणून तेव्हा गप्प राहिले. आता निवांत सांगते. ताईचं ऐकून घेशील ना?

आधी हे ऐक, की तू भित्री नाहीस. ऐन पावसात, रात्री, आईला स्कूटीवर मागे बसवून कामशेतला दवाखान्यात नेणारी मुलगी भित्री असूच शकत नाही. सवय लागलीय तुला, आणि ती कुठे लागली हेही मला ठाऊक आहे, कारण आपल्या आळीतल्या सगळ्याच पोरींना ती तिथेच लागते. भाऊ भांडला, की ‘तू मोठी आहेस ना, मग तू म्हण सॉरी.’ मोठ्याने हसलीस, की ‘हळू.’ पाहुण्यांसमोर उत्तर दिलंस, की ‘आधी माफी माग, मग बोल.’ त्या वयात मुलीला एक गोष्ट चटकन कळते. सॉरी म्हटलं की भांडण मिटतं, आईच्या कपाळावरची आठी जाते, आपल्याला जेवायला बसता येतं. चूक कुणाची होती, हे विचारायला कोणी थांबत नाही. पुढे नोकरी लागते, धंदा सुरू होतो, लग्न होतं, पण हिशेब तोच राहतो.

2010 साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या करीना शूमन आणि मायकेल रॉस यांनी यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. तरुण मुलामुलींना त्यांनी रोज डायरी लिहायला लावली होती. आज कुणाला दुखावलं, कुणाची माफी मागितली, असं सगळं त्यात टिपायचं. मुलींच्या डायरीत माफ्या जास्त निघाल्या. पण आपलं चुकलं असं ज्या ज्या वेळी वाटलं, त्यातल्या किती वेळा माफी मागितली, हे पाहिलं तेव्हा मुलं आणि मुली बरोबरीत होते. फरक होता तो आधीच्या पायरीवर. मुलांना जी गोष्ट चूक वाटतच नव्हती, ती मुलींना आपला अपराध वाटत होती. म्हणून ‘आजपासून सॉरी बंद’ असं मी तुला सांगत नाही. जीभ आवरून काही होणार नाही, चूक मोजायचं माप बदलावं लागेल. तोंडात सॉरी आलं की मनात विचार, कुणाचं काही बिघडलं का? आणि ते माझ्या हातून बिघडलं का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल, तर जरूर माफी माग. एरवी दुसरं काहीतरी बोल, किंवा काहीच बोलू नकोस.

माफी कशी असावी, हे तर आपल्याला लहानपणापासून येतं. कुणाला चुकून पाय लागला की आपण वाकून हात लावतो, तो कपाळाला टेकवतो आणि पुढे जातो. समोरचाही ‘असू दे’ म्हणतो. दोघांच्या दृष्टीने ते तिथे संपतं. नंतर दिवसभर त्या माणसाच्या मागे मागे ‘पाय लागला हो, खरंच लागला’ म्हणत कोणी फिरत नाही. त्यात लाज नाही, लाचारी नाही.

आता तू म्हणशील, ताई, पण पाहुण्यांना बरं वाटतं गं. बरोबर आहे, आणि ते मी नाकारणार नाही. अमेरिकेत ॲलिसन वुड ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये छापलेला एक प्रयोग तर हुबेहूब आपल्या हवेचाच आहे. पावसाच्या दिवशी रेल्वे स्टेशनवर एकजण अनोळखी लोकांकडे मोबाइल मागत होता. काहींना त्याने आधी ‘पावसाबद्दल सॉरी’ म्हटलं, काहींना नुसता मोबाइल मागितला. नुसता मागितला तेव्हा 9 टक्के लोकांनी दिला. पावसाची माफी मागितली तेव्हा 47 टक्क्यांनी. म्हणजे न केलेल्या गोष्टीची माफीही माणसाला जवळ आणते. मी यावर बराच विचार केला. मला वाटतं, लोकांना त्या माफीत आपल्याबद्दलची काळजी ऐकू आली. हा माणूस भिजलाय, वैतागलाय, हे आपल्या लक्षात आलंय, एवढंच तो सांगत होता. तशी काळजी तुझ्याकडे भरपूर आहे. ती सरळ बोलून दाखव ना. ‘भिजलात का? पंचा देते. आलं घालून चहा टाकते.’ पाहुण्याला हवं ते सगळं यात आलं, आणि तुला मान खाली घालावी लागली नाही. परवाचं तुझं सॉरी मात्र तसलं नव्हतं. आता हे आपल्यावर चिडतील, या धास्तीने तू बोलत होतीस. तुझ्या आवाजावरून मला कळलं.

त्याहून मला जास्त टोचलं ते तांदळाचं. जाताना एका बाईंनी भाव विचारला, तर तू म्हणालीस, ‘थोडा महाग वाटेल, सॉरी हं, पण घरचा आहे, हवं तर कमी करते.’ त्या बाईंनी अजून तोंडही उघडलं नव्हतं गं! भाव तूच सांगितलास आणि तूच पाडलास.

पोरी, तो इंद्रायणी आहे. आपल्याच वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर 8 यांच्या संकरातून तो तयार झाला आणि 1987 साली शेतकऱ्यांच्या हाती आला. आंबेमोहोराचा वास राहिला आणि उतारा वाढला, म्हणून आज पुण्या-मुंबईची माणसं मावळचा इंद्रायणी विचारत येतात. तुझ्या आईने त्यासाठी राब भाजलाय, चिखलात दिवसभर वाकून लावणी केलीय, कापणीच्या वेळी आभाळाकडे बघत जीव मुठीत धरलाय. त्याच्या भावाबद्दल तू माफी मागतेस, तेव्हा ती माफी तुझ्या एकटीची राहत नाही. आईच्या कंबरेचीही किंमत तू कमी करतेस. कडक बोलले, पण मनापासून बोलले.

पुढच्या वेळी असं कर. किलोचा भाव सांग आणि थांब. त्यानंतरची शांतता तुला खायला उठेल. वाटेल, या नाराज झाल्या, आता निघून जाणार. त्या कदाचित पाच किलो घ्यावा की दहा, डिकीत जागा आहे का, एवढाच विचार करत असतील. त्यांना करू दे. महाग वाटला तर त्या म्हणतील, आणि मग कमी करायचं की नाही ते तू ठरव. ‘एवढ्याला परवडत नाही हो’ हे वाक्य गोड आवाजातही म्हणता येतं. आपल्या बाजारात बसणाऱ्या मावश्या तेच करतात. जुडी पुढे करतात, भाव सांगतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. त्यांच्याजवळ जाऊन जरा वेळ बस, कुठल्या शिबिरात मिळणार नाही ते शिकायला मिळेल.

भाषेचंही तेच. ‘मला हिंदी नीट येत नाही, सॉरी.’ का गं? ते आपल्या गावात आलेत, तू त्यांना वाट सांगतेस, जेवू घालतेस. मोडकं बोललीस तरी चालतं. नाहीच जमलं तर मराठीत हळू सांग, खुणेने सांग. इंग्रजी शिकायचं असेल तर हौसेने शीक, मी मदत करीन. लाजेपोटी शिकलेली भाषा ऐन वेळी तोंडातून फुटत नाही.

कधी मळवलीला उतरून भाजे लेण्यांवर गेलीस, तर नुसते फोटो काढून परतू नकोस. तिथे दान देणाऱ्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. त्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं एक नाव बाईचं आहे, बाधा. ओळख काय दिलीय? नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याची बायको, तिचं दान. बस. दान किती लहान, नवरा किती गरीब, याबद्दल एक अक्षर नाही. लेण्यांना दान देणाऱ्यांत व्यापारी होते, राजघराण्यांशी नातं सांगणारे सरदार होते, त्यांच्यात ही आपल्या मावळातली शेतकरीण आपलं नाव कोरून घेते. पलीकडे कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल शेठचा लेख आहे. आपण पुरं केलेलं हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे, असं तो सरळ म्हणतो! मला भूतपालाचं कौतुक आहे, कारण लेणं खरोखरच तसं आहे. पण बाधा मला जास्त जवळची वाटते. तिचं नाव पाहिलं की आपल्या आयाबायांनी दिलेलं आणि कुठेच न लिहिलेलं किती काय आठवतं.

लगेच मोठं धाडस करायला जाऊ नकोस. लोकलमध्ये सुरुवात कर. तळेगावला बायकांच्या डब्यात चढलीस, की चौथ्या सीटसाठी तू ‘सॉरी, प्लीज, जरा बसू का, चालेल ना?’ अशी आळवणी करतेस. ‘ताई, जरा सरका ना’ एवढं पुरे. त्या सरकतात. आणि नाही सरकल्या, तर चिंचवडपर्यंत उभी राहा, त्यात अपमान कसला? ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाकताना आधी ‘सॉरी, डिस्टर्ब करतेय’ लिहितेस, ते पुसून थेट काम लिही. लोकलमुळे उशीर झाला आणि मैत्रीण ताटकळली, तर लोकलची कर्मकथा सांगत बसण्यापेक्षा ‘थांबलीस, बरं वाटलं’ म्हण. एखाद्या दिवशी जुनं सॉरी तोंडातून निसटेल. निसटू दे. ‘सॉरी, परत सॉरी म्हणाले’ असं मात्र करू नकोस, एवढंच.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे विचारते. घरात असं कुणी आहे का, की ज्याच्यासमोर माफी मागितली नाही तर हात उगारला जाईल, जेवण बंद होईल, घराबाहेर काढलं जाईल? तुझ्या बाबतीत नसेल, तुझ्या एखाद्या मैत्रिणीच्या बाबतीत असेल. तसं असेल तर तिला आत्मविश्वासाचे धडे देऊ नकोस. तिची माफी ही तिची ढाल आहे, ती आधी काढून घ्यायची नाही. तिच्यासोबत उभं राहा. 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तो नंबर तिला पाठ करायला लाव आणि माझाही दे.

आणि खऱ्या माफीचं वजन किती असतं, ते आपल्या तळेगावच्या उमाबाई दाभाड्यांकडे बघून कळतं. 1731 साली डभईच्या लढाईत बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी लढताना त्यांचे पुत्र सेनापती त्र्यंबकराव मारले गेले. मग शाहू महाराज स्वतः बाजीरावांना घेऊन तळेगावला आले आणि एवढ्या पराक्रमी पेशव्याला त्यांनी उमाबाईंपुढे नमायला लावलं, असं सांगतात. धाकट्या यशवंतरावाच्या नावाने सेनापतिपदाचा कारभार पुढे उमाबाईंनी पाहिला. एका आईचं लेकरू गेलं होतं, म्हणून ते नमणं होतं. चहा दोन मिनिटं उशिरा आला म्हणून नव्हे.

म्हणून एक खरी माफी तुझ्याकडे बाकी आहे, तिची आठवण करून देते. गेल्या आठवड्यात धाकटीला तू सगळ्यांदेखत ‘तुला काय कळतंय’ म्हणालीस. दिवसभर पाहुण्यांसमोर गिळलेलं सगळं तिच्यावर निघालं, हे मला समजतं, पण तिचं तोंड एवढंसं झालं होतं. तिला नुसतं सॉरी म्हणून सुटू नकोस. ‘तुला सगळ्यांसमोर बोलले, ते माझं चुकलं’ असं म्हण, एकदाच म्हण, आणि तिला काय सांगायचं होतं ते विचार. मला वाटतं, ती होमस्टेच्या बुकिंगचंच काहीतरी सुचवत होती. आज रात्री जेवणं झाली की बोल तिच्याशी.