नैसर्गिक संसाधने व संवर्धन : परवडणाऱ्या पदवीचा शोध आणि बंगळुरू

वनाधिकारी व्हायचे असेल किंवा निसर्गसंवर्धनाच्या क्षेत्रात काम करायचे असेल तर बारावीनंतर कोणती पदवी घ्यावी, हा प्रश्न जितक्या सहजपणे विचारला जातो तितक्या सहजपणे त्याचे उत्तर मिळत नाही. गेल्या दोन दशकांत ‘पर्यावरण’, ‘शाश्वतता’, ‘संवर्धन’ असे शब्द नावात असलेल्या अभ्यासक्रमांची संख्या वाढली. त्यांचे शुल्क सरकारी महाविद्यालयातील नाममात्र रकमेपासून खासगी विद्यापीठांतील लाखो रुपयांपर्यंत पसरलेले आहे. सामान्य आर्थिक स्थितीतील विद्यार्थ्याला यातून निवड करताना दोन कसोट्या लावाव्या लागतात. पदवी परवडली पाहिजे आणि तिने पुढील दार बंद करता कामा नये. दुसऱ्या कसोटीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. म्हणून आधी तिचा विचार करू.

पात्रतेतील बारकावा

भारतीय वनसेवा ही १९६६ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय सेवा आहे. २०१३ पासून या सेवेची पूर्वपरीक्षा नागरी सेवा परीक्षेबरोबरच घेतली जाते. परंतु नागरी सेवेसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, वनसेवेसाठी चालत नाही. पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय पदवीला असावा लागतो. अथवा कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी असावी लागते. या यादीत ‘पर्यावरणशास्त्र’ नाही. ‘नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन’ही नाही. वन व वन्यजीवांसाठीच असलेल्या सेवेच्या पात्रतेत हे विषय नसावेत, याचे आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. पण नियम आहे तो असा आहे.

व्यवहारात याचा अर्थ काय? केवळ पर्यावरणशास्त्र हा एकच विषय घेऊन पदवी मिळवणारा विद्यार्थी विषयात कितीही हुशार असला तरी वनसेवेच्या अर्जापाशी अडखळू शकतो. याउलट, पर्यावरणशास्त्राच्या जोडीने वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेणाऱ्यापुढे ही अडचण उभी राहत नाही. बंगळुरूतील अनेक महाविद्यालयांत विज्ञान पदवीसाठी विषयांच्या जोड्या निवडता येतात. प्रवेशाच्या खिडकीपाशी उभे असतानाच ही जोडी ठरते आणि नंतर ती बदलणे कठीण असते. राज्य लोकसेवा आयोगांच्या वनसेवा परीक्षांची विषययादी वेगळी असते व ती वेळोवेळी बदलते. त्यामुळे मागील दोन-तीन जाहिराती काढून आपल्या नियोजित पदवीचे नाव त्यांत आहे की नाही, हे स्वतः तपासावे.

येथे आणखी एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व पदवी शाखांसाठी सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम आखला. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही तो द्यावा लागतो. तो म्हणजे पर्यावरणाची पदवी नव्हे.

बंगळुरूच का?

मराठी विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर बंगळुरू म्हणजे संगणक उद्योगाचे शहर. प्रत्यक्षात परिसरशास्त्राच्या अभ्यासाचे हे देशातील एक प्रमुख केंद्र आहे आणि ते घडवण्यात एका पुणेकराचा वाटा मोठा आहे. भारतीय विज्ञान संस्थेत १९८३ मध्ये परिसरशास्त्र अध्ययन केंद्र स्थापन झाले ते माधव गाडगीळ यांच्या पुढाकाराने. पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी २०११ मध्ये सादर केलेला अहवाल परीक्षार्थींना परिचित असेलच. याच संस्थेत २०११ पासून विज्ञानाची चार वर्षांची संशोधनाधिष्ठित पदवी सुरू झाली. केंद्र सरकारचे साहाय्य असल्याने तेथील शिक्षणशुल्क खासगी विद्यापीठांच्या तुलनेत पुष्कळ कमी आहे. मात्र राष्ट्रीय प्रवेश परीक्षांतील गुणक्रम अतिशय वरचा लागतो. मोजक्या जागांसाठी सारा देश रांगेत असतो, हे भान ठेवून इतर पर्यायही हाताशी असावेत.

शहराच्या उत्तरेला हेब्बाळजवळ कृषी विज्ञान विद्यापीठाचा ‘गांधी कृषी विज्ञान केंद्र’ हा विस्तीर्ण परिसर आहे. त्याच आवारात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे आहे. तेथील वन्यजीव जीवशास्त्र व संवर्धन या विषयाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम २००४ पासून चालू आहे. प्रवेश सामान्यतः एक वर्षाआड होतो, तुकडी लहान असते आणि निवड लेखी परीक्षा व मुलाखतीतून होते. आपल्या पदवीचे अंतिम वर्ष आणि प्रवेशाचे वर्ष जुळते का, हे आधी पाहिलेले बरे. अशोका परिसर व पर्यावरण संशोधन न्यास ही १९९६ मध्ये स्थापन झालेली संस्थाही याच शहरात आहे. तेथील भर मुख्यतः संशोधन पदवीवर आहे. मल्लेश्वरममधील काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषदेच्या अखत्यारीत येते. बंगळुरू विद्यापीठाच्या ज्ञानभारती परिसरात पर्यावरणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते.

वनशास्त्राची चार वर्षांची पदवी मात्र खुद्द बंगळुरूत शोधू नये. कर्नाटकातील वनशास्त्र महाविद्यालये कोडगू जिल्ह्यातील पोन्नमपेट आणि उत्तर कन्नडमधील शिरसी येथे आहेत. महाराष्ट्रात ती दापोली व अकोला येथे आहेत. ही सर्व कृषी विद्यापीठांची घटक महाविद्यालये असून शुल्क सरकारी दराचे आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशीनुसार या पदवीला व्यावसायिक पदवीचा दर्जा आहे. वनसेवेच्या यादीत ती नावानिशी आहे. तरीही अनेक मराठी विद्यार्थी शहराच्या ओढीने हा पर्याय बाजूला सारतात, हे खेदाने नमूद करावे लागते.

दर्जा कसा ओळखावा?

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, अर्थात नॅक, १९९४ मध्ये स्थापन झाली व तिचे मुख्यालय बंगळुरूतच आहे. तिचे मूल्यांकन पाहावे, पण ते संपूर्ण संस्थेचे असते, एखाद्या विभागाचे नव्हे. उत्तम श्रेणीच्या महाविद्यालयात आपल्या विषयाला एकच हंगामी प्राध्यापक असू शकतो. म्हणून अभ्यासक्रमाची पुस्तिका मागून दोन गोष्टी पाहाव्यात. क्षेत्रकार्याचे दिवस किती आहेत, आणि संख्याशास्त्र कितपत शिकवले जाते?

संख्याशास्त्राचे नाव ऐकून पुष्कळांचा उत्साह मावळतो. परंतु आधुनिक संवर्धन त्याच्याशिवाय उभेच राहत नाही. वाघांच्या गणनेचे उदाहरण घेऊ. भारतात अनेक वर्षे पंजाच्या ठशांवरून वाघ मोजले जात. प्रत्येक ठसा ओळखता येतो, या गृहीतकावर ही पद्धत आधारलेली होती. राजस्थानातील सरिस्का येथून वाघ नाहीसे झाल्याचे २००४-०५ मध्ये उघड झाले, तेव्हा या पद्धतीतील त्रुटी साऱ्या देशाला दिसल्या. तोपर्यंत कर्नाटकातील नागरहोळे येथे के. उल्हास कारंत यांनी वेगळ्या पद्धतीची बैठक घातली होती. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून वाघ ओळखता येतो. पण सगळेच वाघ कॅमेऱ्यासमोर येत नाहीत. न दिसलेल्यांचा अंदाज कसा करायचा?

समजा, पहिल्या फेरीत २० वाघ टिपले गेले. दुसऱ्या फेरीत २५ दिसले, त्यांपैकी १० पहिल्या फेरीतलेच होते. म्हणजे दुसऱ्या फेरीतील वाघांपैकी दोनपंचमांश आधी ओळखले गेलेले होते. हेच प्रमाण साऱ्या वाघांना लागू धरले तर पहिल्या फेरीतील २० ही संख्या एकूण संख्येच्या दोनपंचमांश होते. एकूण वाघ सुमारे ५० ठरतात. ‘पकड-पुनर्पकड’ पद्धतीचे हे अगदी प्राथमिक रूप झाले. प्रत्यक्षात काही वाघ कॅमेरा टाळतात, काही स्थलांतर करतात आणि गणित गुंतागुंतीचे होते. राष्ट्रीय व्याघ्रगणनेत कॅमेऱ्यांचा वापर २००६ पासून होऊ लागला. त्या गणनेचा अंदाज १,४११ होता. २०२२ चा ३,६८२. त्यात कर्नाटकाचे ५६३ आणि महाराष्ट्राचे ४४४. यांतील वाढ किती खरी आणि किती मोजणीच्या व्याप्तीमुळे, हा प्रश्न ज्याला सुचतो तो विद्यार्थी योग्य अभ्यासक्रमात आहे असे समजावे.

खर्चाचा हिशोब

शुल्क म्हणजे खर्च नव्हे. बंगळुरूत राहण्याचा खर्च महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा बराच अधिक असतो. समजा, एका महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क १५ हजार रुपये आहे, पण वसतिगृह नसल्याने खोली व जेवणावर वर्षाला एक लाख खर्च होतात. तीन वर्षांचे ३ लाख ४५ हजार झाले. दुसरीकडे कृषी विद्यापीठात शुल्क ४० हजार, वसतिगृह व भोजनगृह मिळून ४५ हजार. चार वर्षांचे ३ लाख ४० हजार. आकडे नमुन्यादाखल आहेत, पण कमी शुल्काचे आणि कमी मुदतीचे शिक्षण प्रत्यक्षात महाग कसे पडते ते यावरून दिसते. त्यात क्षेत्रभेटींचा खर्च कोणाचा, हे विचारायला विसरू नये. कर्नाटकाने २०२१ मध्ये स्वीकारलेली चार वर्षांची पदवी रचना २०२४ मध्ये मागे घेऊन पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली आहे. महाराष्ट्रात चार वर्षांचा पर्याय सुरू आहे. पदव्युत्तर शिक्षणाची एकूण वर्षे मोजताना हा फरक लक्षात घ्यावा.

शिष्यवृत्तीच्या बाबतीतही विषयाचे नाव निर्णायक ठरते. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या २००८ मधील ‘इन्स्पायर’ योजनेत उच्चशिक्षणासाठी वर्षाला ८० हजार रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद आहे. तिच्या विषययादीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूशास्त्र, संख्याशास्त्र आहेत, वनशास्त्र नाही. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची सूचना पाहावी. वनशास्त्राला जाणाऱ्यांसाठी वाट वेगळी आहे. कृषी संशोधन परिषदेच्या कोट्यातून, म्हणजे २०२३ पासून सामाईक विद्यापीठ प्रवेश परीक्षेद्वारे, स्वतःच्या राज्याबाहेरील कृषी विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्यास राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती मिळू शकते. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने शिरसी किंवा पोन्नमपेटला जाण्याचा हाच सरळ मार्ग होय. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील प्रवेशासाठी तारण व जामीनदाराविना कर्ज मिळते. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, अटींच्या अधीन राहून, तीन टक्के व्याजसवलत आहे. संस्थेचे नाव यादीत आहे का, ते कर्जाचे गृहीत धरण्याआधी पाहावे.

सीमाभागातील विद्यार्थ्यांची स्थिती थोडी निराळी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी येथील मराठी मुलांना कर्नाटकच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून राज्याच्या जागा मिळू शकतात. पहिली ते बारावी या काळात किमान सात वर्षे कर्नाटकात शिक्षण झालेले असावे आणि दहावी किंवा बारावी कर्नाटकातून उत्तीर्ण असावी, ही त्यातील प्रमुख अट. बारावीसाठी कोल्हापूरला गेलेल्या मुलाचा हक्क दहावीच्या आधारे टिकू शकतो; त्यासाठी शाळेकडून अभ्यासवर्षांचे प्रमाणपत्र वेळेत घ्यावे लागते. कृषी व वनशास्त्राच्या जागांत शेतकरी कुटुंबातील मुलांसाठी स्वतंत्र राखीव वाटाही असतो, त्याचे दाखले तहसील कार्यालयातून मिळतात आणि निकालानंतरच्या गर्दीत ते मिळवणे फार जिकिरीचे होते. फेब्रुवारी-मार्चमध्येच ते काढून ठेवावेत.