गाण्याचा प्लेअर आणि लिनक्सचा संगणक

मंडळी, जात्यावरच्या ओव्या आणि भजनी मंडळाचे अभंग आता खिशातल्या प्लेअरात भरून ठेवता येतात. गाणारे माणूस गेले की तो आवाज तेवढा मागे उरतो. पण प्लेअर पाण्यात पडला तर? आवाजही गेला! म्हणून त्याची एक नक्कल संगणकावर ठेवावी. ती कशी, ते आम्ही सांगतो.

संगणकाला एक मुख्य कारभारी लागतो. लिनक्स हा असाच कारभारी. फिनलंड देशातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तो तयार करायला घेतला. पुढे जगभरच्या लोकांनी त्याला हातभार लावला. तो फुकट मिळतो.

प्लेअरची वायर संगणकाला जोडा. थोड्या वेळाने पडद्यावर प्लेअरचे नाव दिसते. नाव दिसले नाही तर घाबरू नका. काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात. त्यांतून वीज जाते, गाणी जात नाहीत. दुसरी वायर लावून बघा. काही प्लेअर जोडल्यावर विचारतात, ‘एमएससी की एमटीपी?’ तेव्हा एमएससी निवडा. मग प्लेअर पेनड्राईव्हसारखा उघडतो.

नावावर दोनदा टिचकी मारा. आत गाण्यांच्या फाईली दिसतील. हवी ती फाईल निवडून ‘कॉपी’ करा. मग संगणकातल्या आपल्या फोल्डरात जाऊन ‘पेस्ट’ करा. ‘कट’ करू नका. कट केले तर मूळ गाणे प्लेअरातून जाते. नक्कल वाजवून, शेवटपर्यंत ऐकून खात्री करा.

संगणकावरची गाणी प्लेअरात घालायची तर हीच रीत उलटी करायची. मात्र इथे एक गोष्ट ध्यानात धरा. वायर एकदम ओढू नका!

असे का? दुकानदार गर्दीच्या वेळी उधारी कच्च्या वहीत टिपतो आणि सवडीने पक्क्या वहीत उतरवतो. संगणकही तसेच करतो. पडद्यावर काम संपलेले दिसते, पण काही मजकूर अजून संगणकाच्या कच्च्या वहीतच असतो. तेवढ्यात वायर ओढली तर गाणे अर्धेच राहते. कधी प्लेअरातली यादीच बिघडते आणि जुनी गाणीही सापडत नाहीत.

म्हणून आधी संगणकाची परवानगी घ्यावी. प्लेअरच्या नावाशेजारी वर टोक असलेला लहान त्रिकोण असतो. त्यावर टिचकी मारा. प्लेअर काढायला हरकत नाही, असे संगणकाने कळवले की मगच वायर काढा. एवढा धीर धरला तर आजीचा आवाज नातवंडांनाही ऐकायला मिळेल.

प्रश्न
१. प्लेअरचे नाव दिसले नाही तर काय कराल?
२. ‘कॉपी’ आणि ‘कट’ यांत फरक काय?
३. वायर एकदम का ओढू नये?