आधुनिक चित्रांचे प्रदर्शन आणि प्राथमिक शाळेची सहल

पनवेल तालुक्यातील कोणत्याही प्राथमिक शाळेत चौथीच्या मुलांस 'निसर्गचित्र काढा' असे सांगितले, तर बहुतेक कागदांवर एकच चित्र उतरते : दोन त्रिकोणी डोंगर, त्यांमधून डोकावणारा सूर्य, खाली नदी आणि काठी झोपडी. वास्तविक तालुक्याच्या पुष्कळ भागातून कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका उभा दिसत असतो. परंतु तो क्वचितच कोणाच्या कागदावर येतो. मुलाने डोंगर रोज पाहिलेला असतो; काढतो मात्र दुसऱ्याने काढलेला. चित्रप्रदर्शनाच्या सहलीचा विचार या ठिकाणापासून सुरू व्हावयास हवा, कारण तेथे मुलांना न्यावयाचे ते चित्रकार घडविण्यासाठी नव्हे, तर पाहावयास शिकविण्यासाठी.

मुंबई पनवेलला दूर नाही. हार्बर मार्गाच्या लोकलने सुमारे दीड तासात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठता येते, आणि तेथून मुलांच्या पावलांनीही काळा घोडा अर्ध्या तासाच्या आत येतो. या एकाच परिसरात तीन स्थळे परस्परांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर कलादालनात प्रवेशमूल्य नाही. समोर, १९११ साली बांधलेल्या सर कावसजी जहांगीर सभागृहात, १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. पलीकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्राचीन मूर्ती व लघुचित्रे यांच्या जोडीला जहांगीर निकल्सन यांनी जमविलेल्या आधुनिक चित्रांचा संग्रहही आहे. तिन्ही स्थळे एका दिवसात उरकण्याचा मोह शिक्षकांनी टाळावा. सुटीचा वार व संस्थेची परवानगी यांची चौकशी आधी करावी, हे सांगणे नलगे.

सहलीत सर्वांत कठीण क्षण येतो तो निराळाच. मुले एखाद्या चित्रापुढे थबकतात. त्यात माणूस नाही, झाड नाही, घर नाही. नुसते रंग आहेत. कोणीतरी विचारते, "गुरुजी, यात काय आहे?" गुरुजींनाही ते ठाऊक नसते, आणि वर्गापुढे तसे म्हणण्याची सवय नसते. मग "हे मोठ्यांसाठी असते, चला पुढे" असे उत्तर मिळते. जे कळत नाही त्याच्या समोरून निघून जावे, एवढा धडा मात्र मुले त्या क्षणी पक्का शिकतात. किंबहुना "मलाही ठाऊक नाही, आपण मिळून पाहू" हे गुरुजींचे वाक्य संपूर्ण सहलीत अधिक मोलाचे ठरेल.

पाहावयाचे कसे? वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या एखाद्या चित्राचे उदाहरण घेता येईल. रूळ व सुरी यांनी रंगाचे थर चढवून आणि काही ठिकाणी ते काढून ते चित्र तयार करीत. अशा चित्रापुढे मुलांना दोन मिनिटे गप्प उभे करावे व मग विचारावे : प्रथम नजर कोठे गेली? कोणता रंग वर आहे, कोणता खालून दिसतो? हा रंग गावात कोठे पाहिला आहे? भरतीचे पाणी ओसरल्यावर खाडीच्या चिखलावर उरणारी चकाकी ज्या मुलाने पाहिली आहे, त्याला या प्रश्नाचे उत्तर शहरातील मुलापेक्षा लवकर सुचण्याचा संभव आहे. उत्तर बरोबर की चूक, हे मात्र ठरवू नये. चित्राचा 'अर्थ' फळ्यावर लिहून देणारा शिक्षक मुलांचे डोळे झाकतो.

सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांची हकीकत तर प्राथमिक शिक्षकांनी अवश्य ध्यानी ठेवावी. मध्य प्रदेशातील खेड्यात शिकत असता त्यांचे चित्त ठिकाणावर राहीना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला व त्याकडे पाहत बसावयास सांगितले, असे रझा स्वतः सांगत. पुढे १९४७ साली सूझा, हुसेन, आरा, गाडे व शिल्पकार बाकरे यांच्यासह त्यांनी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला, अनेक वर्षे फ्रान्समध्ये काढली, आणि उतारवयात त्यांच्या चित्रांत तो ठिपका 'बिंदू' होऊन परत आला. त्या गुरुजींना याची कल्पना असणे शक्य नव्हते.

जहांगीर कलादालनाचा आणखी एक लाभ आहे. तेथील प्रदर्शने वरचेवर बदलतात आणि चित्रकार बहुधा आपल्या चित्रांजवळच बसलेला असतो. मुलांनी त्याला थेट विचारावे : हे काढावयास किती दिवस लागले? मध्येच बिघडले तर काय करता? पेणच्या गणपतीच्या कारखान्यात कारागिरांशी सहज बोलणारी मुले येथेही लाजणार नाहीत. शिक्षकांनीच आधी संकोच सोडावा.

ज्या शाळांना मुंबईचा खर्च झेपत नाही, त्यांनी अलिबाग तालुक्यातील सासवणे येथे जावे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांची शिल्पे तेथे त्यांच्याच घरी जतन केलेली आहेत. गावातील देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांच्या पाहण्यात आले, आणि त्यांच्या साहाय्याने तो मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाला. भिंत खराब केली म्हणून त्याचे हात बांधले गेले असते तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. याच जिल्ह्यातील नागावचे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) हे त्यांच्याच नात्यातले. झाडाचे पान, घड्याळ अशा साध्या वस्तूंतून त्यांनी चित्रे उभारली, आणि 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक मराठीत लिहिले. शिक्षकांनी सहलीपूर्वी ते मिळवून वाचावे.

परत आल्यावर निबंध लिहवून घेऊ नये. दुसऱ्या दिवशी मुलांना वर्गाबाहेर बसवावे आणि समोर दिसणारी एकच वस्तू, सुळका असो वा हातपंप, दहा मिनिटे पाहून मगच काढावयास सांगावी. वहीच्या मागील पानावर, आवडलेले एक चित्र कोणते व का, एवढे दोन ओळींत लिहू द्यावे. एखादा विद्यार्थी 'एकही आवडले नाही' असे लिहील. त्यालाही 'का' हे विचारावे, आणि त्याचे उत्तर इतरांइतकेच लक्षपूर्वक वाचावे.