योग्य प्रोसेसरची निवड

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू होय. परंतु सर्वांत बलवान प्रोसेसर प्रत्येक कामास योग्य ठरतोच असे नाही. रेल्वे आरक्षणासारख्या सेवेचा सर्व्हर हजारो लोकांच्या मागण्या अहोरात्र पूर्ण करतो. त्यासाठी त्याच्या प्रोसेसरमध्ये अनेक ‘कोअर’, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग असतात. २०२२ साली आलेल्या ‘एएमडी एपिक ९६५४’ या प्रोसेसरमध्ये असे ९६ कोअर आहेत. पूर्ण क्षमतेने चालताना त्याला सुमारे ३६० वॅट वीज लागते. ६० वॅट-तासांची लॅपटॉपची बॅटरी त्याला जेमतेम दहा मिनिटे पुरेल! पंधरा वॅटच्या लॅपटॉप प्रोसेसरला मात्र तीच चार तास पुरेल. म्हणून खरेदीपूर्वी आपले काम ओळखावे. पैसे आणि वीज दोन्ही वाचतात.

प्रश्न : सर्व्हरचा प्रोसेसर लॅपटॉपसाठी अयोग्य का ठरतो?